लेखक-चित्रकारांचे निसर्गमुक्काम, मराठवाड्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अडलेलं लेखन पुढे न्यायचं, चित्रमालिका पूर्ण करायची किंवा अनुवादाला सलग वेळ द्यायचा म्हणून शेतात, डोंगरात, धरणाकाठी काही दिवस राहू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. एकट्याने जाणारे आणि आठ-दहा जणांचा गट नेणारे, दोघांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

निसर्गमुक्काम म्हणजे शिबिरच ना?

नाही. शिबिरात कोणीतरी शिकवतं आणि बाकीचे ऐकतात. मुक्कामात ज्याचं काम त्याने करायचं. म्हणून त्यात व्याख्यानं नकोत, पाहुणे नकोत, हारतुरे तर मुळीच नकोत. उद्घाटनाचा कार्यक्रम ठेवला की पहिला दिवस त्यातच जातो आणि समारोपाच्या तयारीत शेवटचा. ज्यांना मार्गदर्शन हवंय त्यांनी कार्यशाळा निवडावी. तिथली मेहनत वेगळी असते आणि ती शहरातही होते.

आधी ठिकाण ठरवायचं की काम?

काम. मुक्काम फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की लोक आधी धबधबा ठरवतात आणि मग तिथे काय लिहायचं याचा विचार करतात. निघण्याच्या आठवडाभर आधी काम एका वाक्यात कागदावर उतरवा. ‘कादंबरी लिहायची’ हे वाक्य चालणार नाही. ‘तिसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा, साधारण पाच हजार शब्द’ हे चालेल. ‘निसर्गचित्रं काढायची’ याऐवजी ‘नाथसागराच्या काठाची सकाळ, एकाच जागेवरून सहा चित्रं’ असं ठरवा. वाक्य एवढं नेमकं झालं की ठिकाण, ऋतू आणि सामान ठरवायला फार वेळ लागत नाही.

संदर्भग्रंथ सारखे लागणार असतील तर आडरानात जाऊ नका, संभाजीनगर किंवा अंबाजोगाईसारख्या गावाच्या जवळ राहा. नुसता खर्डा लिहायचा असेल तर जितकं आत जाल तितकं बरं.

किती दिवस पुरेत?

निदान पाच रात्री, जमल्यास सात. पहिला दीड दिवस जागा अंगवळणी पडण्यात जातो: झोप लागत नाही, पाणी मानवत नाही, हात फोनकडे जातो. परतीचा अर्धा दिवस आवराआवरीचा. म्हणजे तीन दिवसांच्या मुक्कामात कामाला एकच दिवस उरतो. शनिवार-रविवारची सहल वाईट नाही, पण तिला मुक्काम समजून मोठं काम सोबत नेलं तर हाती निराशा येते. दोन दिवसच असतील तर नवं काही सुरू करू नका. आधी लिहिलेल्याची उजळणी करा.

मराठवाड्यात कोणता काळ चांगला?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण या चार महिन्यांतही खाचाखोचा आहेत आणि त्या बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतात.

जुलै ते सप्टेंबर डोंगर हिरवे असतात, अजिंठ्याचा आणि वेरूळचा कातळ पाण्याने वाहतो, चित्रकाराला मोह होणारच. अडचण जमिनीची आहे. आपली काळी माती भिजली की चपलेला शेर-दोन शेर चिखल धरते आणि पाणंद रस्ता बंद पडतो. डांबरी सडकेपासून शेतातलं घर एक किलोमीटर आत असेल तर सप्टेंबरच्या झडीत ट्रॅक्टरशिवाय कोणी पोचवू शकत नाही. पावसाळ्यात जायचंच असेल तर घर सडकेला लागून हवं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालते. मळणी यंत्र शेजारच्या रानात लागलं की आवाज आणि भुस्सा दिवसभर. डिसेंबर-जानेवारी हवेला उत्तम, पण तो हुरड्याचा हंगाम. कृषी पर्यटन केंद्रांवर शनिवार-रविवारी आगटीभोवती शंभर माणसं असतात आणि स्पीकर लागतो. तिथे राहायचं तर सोमवारी दुपारी पोचून शनिवारी सकाळी निघा. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावंच्या गावं शेतात येतात. त्या दिवशी लिहायला बसूच नये. यजमानांबरोबर आंबील आणि भज्जी खावी.

यात्रांचं पंचांग बघितल्याशिवाय तारीख पक्की करू नका. माहूरला नवरात्र आणि दत्तजयंती, पैठणला फाल्गुनातली नाथषष्ठी, वेरूळला श्रावण आणि महाशिवरात्र, कपिलधारला कार्तिकी पौर्णिमा, अंबाजोगाईला मार्गशीर्षातलं नवरात्र. या दिवसांत खोली मिळत नाही आणि मिळाली तरी शांतता मिळत नाही.

मार्चपासून ऊन चढतं. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांपुढे जातो. तेव्हा सकाळी दहापर्यंतचंच काम खरं.

कोणत्या भागात जावं?

वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळ हा पट्टा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोयीचा. वेरूळ संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटर, म्हैसमाळ ४०. दवाखाना, एसटी, किराणा सगळं हाताशी. म्हैसमाळला पावसाळी सुट्ट्यांत गर्दी उसळते, मधल्या वारी मात्र पठार मोकळं असतं. दौलताबाद-खुलताबाद रस्त्याला कागजीपुरा लागतं, हातकागदाची जुनी परंपरा असलेलं गाव. कागद घेताना एका कोपऱ्यावर पेनने रेघ मारून बघा. शाई फुटली तर त्या कागदाला खळ, म्हणजे शाई-रंग शोषू न देणारा लेप, कमी आहे. कोरड्या माध्यमाला तो चांगला, जलरंगाला नाही.

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झालं. त्याचं क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर आहे आणि पितळखोऱ्याची लेणी तिथून जवळ. जंगलाचा अभ्यास करायचा असेल, पानगळीतली झाडांची रचना काढायची असेल, तर याला तोड नाही.

पाणी आणि पक्षी हवे असतील तर पैठणचा नाथसागर. जायकवाडीचं हे पसरट जलाशय हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी भरतं आणि रोहित (फ्लेमिंगो) दिसण्याचीही चांगली संधी असते. इथे एक गोष्ट ध्यानात असू द्या: जानेवारीपासून पाणी ओसरत जातं आणि काठ मागे सरकतो. एकाच जागेवरून चित्रमालिका करणाऱ्याने झाड, खडक, विहीर अशी न हलणारी खूण चौकटीत ठेवावी, नाहीतर चार दिवसांनी जुळवणी चुकते.

लेखकांसाठी आमची पसंती बालाघाटाच्या डोंगररांगेला. अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींच्या समाध्या आहेत. मुकुंदराजांची समाधी दरीच्या अंगाला, सकाळी तिथे फारसं कोणी नसतं. गाव शिक्षणाचं, वाचनाचं, त्यामुळे चार पानं वाचून दाखवायला माणसंही भेटतात. पाटोदा तालुक्यात सौताड्याची दरी आणि नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोरांचा केका ऐकायचा तर पावसाळ्याच्या तोंडाशी जावं.

किनवट-माहूर हा साग-बांबूचा दाट पट्टा. किनवटला रेल्वे आहे, इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. अंतरं मोठी आणि दवाखाना लांब, म्हणून पहिल्याच मुक्कामाला तिकडे एकट्याने जाऊ नका. नळदुर्गला बोरी नदीचं पाणी किल्ल्यातून उतरतं. नर-मादी धबधबे वाहतात ते फक्त चांगला पाऊस होऊन पाणी भरल्यावर. कोरड्या वर्षी त्यांच्यासाठी जाऊन उपयोग नाही.

लोणार मराठवाड्यात धरून पुष्कळ जण विचारतात. ते बुलढाणा जिल्ह्यात येतं. जालन्याहून जवळ पडतं, एवढंच.

शेतातलं घर ठरवताना यजमानांना काय विचारायचं?

पहिला प्रश्न विजेचा: ‘घर गावठाणच्या फिडरवर आहे का शेतीच्या?’ शेतीच्या लाइनला थ्री फेज, म्हणजे मोटारीला लागणारी वीज, पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. शेतातल्या घरातला पंखा सिंगल फेजवर चालतो का, ती किती तास असते, मोटार रात्री चालू झाली की खोलीत किती आवाज येतो, हे फोनवरच विचारून घ्या. इन्व्हर्टर असेल तर बॅटरी किती अँपिअरची आणि किती जुनी ते विचारा. १५० अँपिअरची चांगली बॅटरी एक पंखा, एक एलईडी दिवा आणि एक लॅपटॉप सात-आठ तास ओढते. चार खोल्यांचे चार पंखे लावले तर अडीच-तीन तासांत बसते.

दुसरा प्रश्न छताचा. पत्र्याची खोली मार्चनंतर अकरा वाजताच तापते. जुन्या माळवदाच्या घरात उन्हाळ्याची दुपारही सुसह्य जाते, कारण मातीचा जाड थर उष्णता उशिरा आत सोडतो. तेच माळवद पावसाळ्याआधी नीट केलेलं नसेल तर झडीत गळतं आणि हस्तलिखितावर माती पडते. त्यामुळे हिवाळा-उन्हाळ्यात माळवद, पावसाळ्यात स्लॅब.

मग टेबल. बहुतेक ठिकाणी खाट आणि प्लास्टिकची खुर्ची असते, टेबल नसतं. जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीचं, न डगमगणारं टेबल आहे का ते विचारा आणि फोटो मागवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला खिडकी डावीकडे हवी, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

पिण्याचं पाणी वेगळं ठरवा. बोअरचं पाणी जड असतं आणि नवख्याचं पोट बिघडवतं. आठ जणांच्या गटाला पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २० लिटरचे दोन जार लागतात, उन्हाळ्यात तीन. जार देणारी गाडी त्या वाटेला येते का, हेही विचारा.

जेवणाचं काय करावं?

स्वयंपाक तुम्ही करू नका. गटात आळीपाळीने करू म्हणणाऱ्यांचे रोजचे चार तास चुलीपाशी जातात, आणि बहुतेकदा ते बायकांचेच जातात. गावातल्या मावशींना योग्य मोबदला आगाऊ ठरवून सांगा. दुपारचं जेवण हलकं ठेवा: ज्वारीची भाकरी, एक भाजी, ताक. येसराची आमटी आणि पोटभर भात रात्री. हे उलटं केलं की दुपारी दोनला सगळे आडवे होतात आणि पाचला डोकं जड घेऊन उठतात.

दिवस कसा आखावा?

ऑक्टोबरमध्ये साडेसहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. चहा घेऊन थेट कामाला बसावं, फिरायला नंतर जावं. सकाळचे तीन तास सलग, मधे फक्त पाण्याला उठायचं. दुपारी वाचन किंवा झोप. चार ते सहा पुन्हा काम, तेव्हा नवं न लिहिता सकाळचं नीट करायचं. पहिल्या खर्ड्याचे रोज आठशे ते हजार शब्द ही चांगली गती आहे. पहिल्या दिवशी उत्साहात तीन हजार लिहिणारे तिसऱ्या दिवशी थांबतात.

सकाळचं काम थांबवताना पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबा आणि ते वहीच्या कडेला टिपून ठेवा. कोऱ्या पानाची भीती त्यामुळे बरीच कमी होते.

फोन आणि इंटरनेट?

घरच्यांना एक ठरलेली वेळ द्या, संध्याकाळी सात ते साडेसात म्हणा, आणि यजमानांचा नंबर त्यांच्याकडे असू द्या. तेवढं केलं की फोन बंद ठेवायला जीव धजावतो. रेंज नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांनी निघण्याआधी घरीच इंटरनेट बंद करून बघावं: फाइल उघडते का, मराठी कळफलक चालतो का. बोलून टाइप करण्याची सोय बहुतेक फोनवर नेटशिवाय अडते. तिच्या भरवशावर असलेल्यांनी वही-पेन न्यावंच. रोज रात्री पेनड्राइव्हवर एक प्रत.

जलरंग वापरणाऱ्यांनी काय सामान न्यावं आणि इथे काय बिघडतं?

सात दिवसांना पूर्ण आकाराचे, २२ बाय ३० इंचांचे तीन कागद पुरतात. प्रत्येकाचे चार तुकडे केले की बारा चित्रांचा कागद झाला. ३०० जीएसएमपेक्षा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पातळ घेऊ नका, वाऱ्यावर तो कपासारखा वाकतो.

इथली खरी अडचण कोरड्या हवेची. फेब्रुवारीनंतर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून खाली आणेपर्यंत वरची कड वाळलेली असते. मग दुसरा हात फिरवला की रेघ उमटते आणि ती जात नाही. उपाय असा: कागद दोन्ही बाजूंनी स्पंजने भिजवा, दोन मिनिटं मुरू द्या, अॅक्रिलिक शीटच्या तुकड्यावर चिकटवून ठेवा आणि पुसून चमक गेली की रंग लावा. खालची बाजू ओली असल्याने कागद दुप्पट वेळ दम धरतो. रंगाच्या १०० मिलिलिटर पाण्यात ग्लिसरीनचे तीन-चार थेंबही मदत करतात. त्याहून जास्त टाकले तर चित्र चिकट राहतं आणि धूळ धरतं.

दुसरी अडचण पाण्याची. बोअरच्या जड पाण्यात अल्ट्रामरीन निळ्याचे कण गोळा होतात आणि गडद भागावर वाळल्यानंतर पांढुरकी झाक येते. चित्रं पाहून लोक रंगाला दोष देतात, दोष पाण्याचा असतो. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आठवडाभर पुरतो. मात्र तो पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा आणि कॅनवर ‘अॅसिड’ लिहिलेलं नाही ना ते बघा.

कातळ काळ्या ट्यूबने रंगवू नका. बेसाल्टच्या सावलीत निळं असतं, उन्हाच्या बाजूला तांबूस. अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना यांचं मिश्रण कमी-जास्त करत गेलं की दोन्ही मिळतात.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं: कागद हवेतला ओलावा पितो, त्याची खळ मरते आणि रंग डागडागाने शोषला जातो. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

तैलरंग किंवा अॅक्रिलिक?

टर्पेंटाइन ज्वालाग्राही, रेल्वेने नेता येत नाही. जवळच्या शहरात विकत घ्या. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. शेतातल्या घराशेजारी कडब्याची गंजी असते हे विसरू नका. चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका. अॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, म्हणून ओल्या स्पंजवर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा.

लेण्यांत बसून चित्रं काढता येतात का?

वहीत पेन्सिलीने रेखाटन करणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड, ईझल किंवा स्टूल मांडायचं असेल तर पुरातत्त्व खात्याच्या तिथल्या कार्यालयात आधी परवानगी विचारा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं, त्यामुळे सामान खांद्यावर मावेल एवढंच. १, २, १६ आणि १७ या चित्रांच्या लेण्यांत उजेड मंद, फ्लॅशला बंदी, आणि जास्त वेळ थांबू देत नाहीत. तिथे रंग काढायला बसू नका. रचना, हातांच्या मुद्रा, डोळ्यांची ठेवण टिपा आणि रंग खोलीवर आल्यावर. तिथला गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हा मुख्य रंगसंच ध्यानात ठेवला तर चार ट्यूबांत बरंचसं काम भागतं.

अभयारण्यात तंबू ठोकता येईल?

परवानगीशिवाय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवेशालाही परवानगी लागते, आणि जाळ करणं, फुलं-पिसं उचलणं गुन्हा ठरू शकतो. वनविश्रामगृहासाठी उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज करा. गौताळ्यात बिबट्या आहे. पहाटे अंधारात एकट्याने स्केचिंगला निघू नका.

साप, विंचू, मधमाश्या?

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. बूट घालण्याआधी झटका, अंधारात बॅटरीशिवाय परसाकडे जाऊ नका. साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-कडं काढा, तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन लावा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते कुठे आहे आणि तिथे ते औषध शिल्लक आहे का, याची चौकशी पोचल्या दिवशीच करून ठेवा. लाल विंचू चावून घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तर तेही तातडीचं समजा.

लेणी आणि किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहळं असतात. त्यांच्या खाली अत्तर लावून जाऊ नका, बिडी-सिगारेट तर नकोच. उठलीच तर तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत शिरा.

बाईने एकटीने जावं का?

जरूर जावं, पण घर निवडताना यजमानांचं कुटुंब त्याच आवारात राहणारं हवं, संडास खोलीला लागून हवा आणि आतली कडी मजबूत हवी. मुक्कामी एसटी गावात किती वाजता येते आणि सकाळी किती वाजता सुटते हे माहीत असावं, म्हणजे कधीही निघता येतं.

गावातल्या माणसांवर लिहिणं, त्यांची चित्रं काढणं योग्य आहे का?

विचारून केलं तर योग्य. चेहरा काढण्याआधी परवानगी घ्या आणि काढलेलं त्यांना दाखवा. जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्यात तर सांगणारीचं नाव तिच्या इच्छेने नोंदवा, आणि छापून आलं की अंक तिच्यापर्यंत पोचवा. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. बंद दारांचे, एकट्या लेकरांचे फोटो काढत फिरणं त्या घरांना बोचतं. बोलायचंच असेल तर बसून, वेळ देऊन, वही बाजूला ठेवून बोला.

गटात संध्याकाळचं वाचन कसं घ्यावं?

एका दिवशी तिघांनीच वाचावं, प्रत्येकी दहा मिनिटं. ऐकणाऱ्यांनी आधी काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं. सुधारणा वाचणाऱ्याने मागितल्या तरच. कच्च्या खर्ड्यावर पहिल्याच संध्याकाळी व्याकरण काढत बसलं की दुसऱ्या दिवशी तो माणूस लिहीत नाही.

चित्रं आणि कागद घरी सुखरूप कसे न्यायचे?

जलरंगाची चित्रं दोन पुठ्ठ्यांमध्ये, प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवून बांधा. कोळशाच्या रेखाटनावर आधी फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मोकळ्या हवेत मारा. ओल्या तैलचित्रांसाठी शेवटचे दोन दिवस रंग लावूच नका. तरी ओली राहिली तर दोन कॅनव्हास समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि दोरीने आवळा, म्हणजे मधे बोटभर फट राहते. एसटीत हा गठ्ठा टपावर किंवा डिकीत देऊ नका. खिडकीच्या बाजूला, पायांशी उभा ठेवा, आणि गाडी सुटायच्या आधी पंधरा मिनिटं स्थानकावर पोचा, म्हणजे तशी जागा मिळते.